क्लचवरचा पाय

त्या माणसाने बॉनेट उघडलंसुद्धा नाही, याचा राग मला अजून येतो.

सांगलीतलं ते सर्व्हिस सेंटर सगळं काचेचं होतं. गुळगुळीत फरशी, कॉफीचं यंत्र, आणि भिंतीवर पुठ्ठ्याची हातभर लांब चावी धरून हसणाऱ्या कुटुंबांचे फोटो. टाय लावलेल्या एका गृहस्थाच्या छातीवर 'सल्लागार' अशी पट्टी होती. आम्ही आटपाडीहून गेलो होतो. क्लच दाबला की खालून किर्र आवाज यायचा, आणि रिव्हर्स टाकताना गाडी करकर दात खायची. बायको प्राथमिक शिक्षिका. आवाज कधी सुरू होतो, कधी थांबतो, हे तिने कागदावर मुद्देसूद लिहून नेलं होतं. सल्लागाराने कागद घेतला, न वाचता टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "सर, गाडी कोण चालवतं?"

"जास्त करून हीच."

तो समजूतदार हसला. "मग बरोबर आहे. लेडीज पेडल अर्धवट दाबून, हाफ क्लचवर चालवतात, सर. पूर्ण सेट बदलायला लागेल."

मी काय केलं? मीही हसलो. कॉलेजात इतिहास शिकवणारा, वर्गात सरंजामी वृत्तीवर तासभर बोलणारा मी टायवाल्याच्या हसण्याला हसून साथ देऊन मोकळा झालो. बायको काचेबाहेर बघत होती.

ती पन्नाशीत गाडी शिकली. आटपाडीच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजाराच्या मैदानात, बाजार नसेल त्या संध्याकाळी. तिची शाळा वीसेक किलोमीटरवर आणि तिकडची एसटी आपल्या मर्जीची. शिकल्यापासून ती कुणाच्या मर्जीवर नव्हती. त्या दिवशी सांगलीहून परतताना मात्र तिने चावी माझ्या हातात दिली. घरी आल्यावर म्हणाली, "उद्यापासून मी एसटीनं जाईन. गाडी मोडल्याचं पाप मला नको."

आणि गेलीसुद्धा. आठवडाभर स्टँडवर उभी राहिली, दोनदा उशिरा पोचली, मुख्याध्यापकांचं ऐकून घेतलं. मी समजूत काढली की ती म्हणायची, "तुम्ही तिथं हसला होतात." ती पुन्हा गाडीला हात लावणार नाही, अशी मला भीती वाटायला लागली.

रविवारी तिला बळेच विट्याच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या गॅरेजात नेलं. मालक सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. त्याने मला काहीच विचारलं नाही.

"बाई, तुमी चालवता न्हवं? बसा. चालू करा. न्यूट्रल. क्लचवर पाय ठेवू नका. वाजतंय?"

"नाही."

"दाबा."

किर्र.

"अर्ध्यावर सुरू होतं," ती म्हणाली. "पूर्ण दाबला की वाढतं. सोडला की बंद."

"झालं की मग. निम्मं काम तुमीच केलंसा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पाय काढल्यावर वाजलं असतं तर गिअरबॉक्सचं बेरिंग. दाबल्यावर वाजतंय, म्हंजे क्लचचं रिलीज बेरिंग."

मग त्याने बॉनेट उघडलं. आमच्या गाडीत ब्रेक आणि क्लच एकाच डबीतलं ऑईल पितात. त्याने डबीत पांढरा कागद बुडवला, तो कोऱ्या चहासारखा झाला. शेजारी नव्या बाटलीतला थेंब टाकला, तो गोड्या तेलासारखा स्वच्छ.

"हे कवा बदललं?"

मी सांगलीतल्या मागच्या सर्व्हिसचा कागद दाखवला. 'ब्रेक ऑईल बदलले' यापुढे ठसठशीत टिक होती.

"टिक नवी हाय, सर. ऑईल जुनंच हाय." त्याने कागदाला बोटं पुसली. "ह्यात पाणी धरतंय, रबर खराब होतंय. पेडल खाली जातंय, पण क्लच पुरता सुटत न्हाई. म्हणून रिव्हर्सला करकर. आणि ब्रेकबी ह्याच्यावरच."

म्हणजे ती रोज या ब्रेकवर शाळेत जात होती, आणि सांगलीत टिक मारणारा कॉफी पीत होता. मला शिव्या सुचत होत्या.

"आता दोघंबी एकेक चक्कर मारा."

तो शेजारी बसला, पण रस्त्याकडे बघेना. पायांकडे बघत होता. तिचा डावा पाय गिअर पडला की क्लचवरून खाली यायचा. माझी चक्कर झाल्यावर तो म्हणाला, "सर, तुमचा पाय बसल्यापासनं उतरंपर्यंत क्लचवरच हाय. आणि गाडी कुठं लय वेळ रांगलीय का? मिरवणूक-बिरवणूक?"

उत्तर बायकोने दिलं. "झालीय की. व्हिडिओ आहे. फेटा बांधलेला."

तालुक्यातल्या एका पुढाऱ्याला कुठलंसं पद मिळालं होतं. असल्या मिरवणुकांची मी आयुष्यभर टिंगल केली. चुलतभाऊ म्हणाला, "तू न्हाई आलास तर बरं दिसत न्हाई रं," आणि मी गेलो. जेसीबीच्या बादलीतून फुलं पडत होती आणि मी पाचव्या गाडीत, तीन तास, मुंगीच्या पावलाने, अर्ध्या क्लचवर. जळका वास आला होता. तो मी फटाक्यांच्या नावावर टाकला.

"मग क्लच जळल्याचा वास आला असंल," गॅरेजवाला म्हणाला.

"वास आला होता?" तिने विचारलं.

"आला होता."

"म्हणजे सांगलीत तुम्हाला ठाऊक होतं."

ठाऊक होतं. टायवाल्याने मला न विचारता निर्दोष ठरवलं होतं आणि तो निकाल मला आवडला होता.

बेरिंग बदललं, ऑईल बदललं, आवाज गेला. मी चावी पुढे केली. तिने घेतली नाही. "आधी सांगलीला जाऊन सांगा."

पुढच्या शनिवारी दुपारी गेलो. ती माझ्याशेजारी उभी राहिली. मी कागदावरच्या त्या खोट्या टिकवरून आवाज चढवला. ब्रेक, जीव, फसवणूक, जबाबदारी. चांगलं पल्लेदार झालं, चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तिने माझी बाही ओढली.

"ते बरोबर आहे. पण ते नंतर. आधीचं राहिलंय."

मी सल्लागाराला म्हणालो, "हाफ क्लचवर मी चालवतो. ही नाही."

"ओके सर," तो म्हणाला आणि अभिप्रायाचा फॉर्म पुढे सरकवला.

तिने माझ्या हातातून चावी घेतली. भर बाजारातून, ट्रकांच्या मधून तिने गाडी बाहेर काढली. सोमवारी सकाळी ती गाडी घेऊन शाळेला गेली. कॉलेज तिच्या वाटेवरच आहे, पण 'सोडू का' असं तिने विचारलं नाही आणि 'सोड' असं मीही म्हणालो नाही. स्टँडवर जाऊन उभा राहिलो. एसटी पाऊण तासाने आली.