बाजेखालचं उपाशी कुत्रं
मागच्या महिन्यात मी आमच्या वालूरच्या घरी, भर दुपारी, अंगणात मेलो होतो. तसा धडधाकट होतो, पण गल्लीचं मत वेगळं पडलं.

झालं ते कुत्र्यापायी. पाथरीच्या स्टँडवर एक लंगडं तांबडं कुत्रं लोकांच्या लाथा खात होतं. ते मी मोठ्या ऐटीत जीपमधून घरी आणलं. (वाटेत ते दोनदा ओकलं, दोन्ही वेळा माझ्याच मांडीवर!) आल्या आल्या अंगणातल्या भिंतीलगतच्या बाजेखाली शिरलं, ते तीन दिवस तिथंच. दूध नाही, भाकर नाही. मी वाकून "ये राजा, ये!" म्हणालो की ते भिंतीत शिरायला बघायचं.

"आवो, उपाशी मरंल ते आपल्या दारात," माझी बायको सुमन म्हणाली. "काईतरी करा!"

जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

"वाकताच कशाला?" डॉक्टर डाफरले. "वाकलेला माणूस म्हणजे त्याला मारायला आलेला माणूस. डोळ्यांत बघू नका. पाठ करून जमिनीवर आडवे व्हा, हात मागं, हातावर भाकर. मग काहीही होवो, हलायचं नाही!"

माझी पिठाची गिरणी आहे. गिरणी बंद करून तसाच, भुवयांपर्यंत पीठ माखलेला, येऊन आडवा झालो. सुमन शेजारी गेलेली, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. हाताला मुंग्या आल्या. (नंतर भाकरीला खऱ्याही आल्या.) आणि मग बाजेखाली खसपस झाली. ओलं नाक माझ्या बोटांना लागलं. मी श्वासच रोखून धरला.

नेमक्या तेव्हाच शेजारच्या गंगाकाकू दारात!

"अगं बया! सुमे, पळ! दादाराव पांढरे फटक पडलेत!"

मी डोळे मोठे करून त्यांना गप्प बसायची खूण केली.

"डोळेबी फिरवायलेत गं!"

पाच मिनिटांत गल्ली गोळा. कुणी म्हणालं फिट, कुणी म्हणालं अंगावरून वारं गेलं. कुणीतरी पाथरीला माझ्या मेव्हण्याला फोन लावला. तो जीप भरून निघालासुद्धा. काकूंनी पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. (फिटीवर आमच्याकडं हाच पहिला उपाय. काकू नुकताच गोठा झाडून आल्या होत्या!) उठून पळावं असं लय वाटलं. पण मागं एक खरबरीत जीभ माझ्या तळहातावरून फिरत होती. सगळ्या जगानं लाथाडलेलं ते जनावर, एवढ्या गलक्यात, माझ्या हातावर जेवत होतं! अंगावर काटा आला हो. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"रडायलेत! काईतरी शेवटचं सांगायचंय त्यांना!" काकू ओरडल्या, आणि सुमननं हंबरडा फोडला.

शेवटचा घास संपला तसा मी उठून बसलो. काकू चप्पल टाकून दारापर्यंत पळाल्या.

"मेलो न्हाई! कुत्रं जेवलं!"

सुमननं बाजेखाली वाकून बघितलं. मग डोळे पुसत माझ्याकडं. "खरंच जेवलं की वो," एवढंच म्हणाली.

आता तांबू माझ्या हातानं पोटभर जेवतो. पण मी पाठ करून आडवा पडलो तरच. समोर बसलो की घास सोडून देतो.

"बाकी विश्वास लय हाय त्याचा," परवा मी सुमनला कौतुकानं म्हणालो. "फक्त माझं तोंड दिसलं की जेवण जात न्हाई."

"शहाणं हाय ते," सुमन म्हणाली. "मी सव्वीस वर्षं तुमच्या तोंडाकडं बघत जेवायलेय. पाठ करायची सोय हाय, हे मला कुणी सांगितलंच न्हाई!"