शंभर ग्रॅम आणि अक्काची वाटी

काटा एक्क्याऐंशी पूर्णांक चारवर थांबला, आणि गोविंदराव काट्यावरून उतरेनात. दोन आठवड्यांपूर्वी ते ब्याऐंशी होते. चौदा दिवसांत फक्त सहाशे ग्रॅम! मी त्यांना उतरून परत चढायला लावलं. आकडा तोच.

खुर्चीत बसले आणि त्यांनी रोजच्या खाण्याची वही पुढे केली. मी चेन्नईतल्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन आहे, अकरा वर्षं झाली. मूळची सांगलीची. नवरा ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात लागला म्हणून इकडे आले. या अकरा वर्षांत पेशंटांच्या ढिगाने वह्या पाहिल्या, आणि त्यातल्या निम्म्या साफ खोट्या असतात. आदल्या दिवशी एका पेनाने, एका बैठकीत लिहिलेल्या लगेच कळतात. ही तशी नव्हती. गोविंदराव गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात इन्स्पेक्शनला. केसाइतका फरक मोजणारा माणूस. त्यांनी घरी छोटा वजनकाटा आणला होता आणि भातसुद्धा ग्रॅममध्ये लिहिला होता.

आधी काम काय होतं ते सांगते. गोविंदरावांची मोठी बहीण, कमलाअक्का, हिचं लिव्हर निकामी झालेलं. विधवा, मूलबाळ नाही, राहते भावाकडेच. गोविंदरावांचं लग्न झालं नाही, घरात दोघंच. रक्तगट जुळणारा एवढा एक भाऊ. तो आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला एका पायावर तयार होता, पण त्याच्याच लिव्हरमध्ये चरबी साठलेली. फॅटी लिव्हर. असा तुकडा घेतला तर देणारा आणि घेणारा, दोघंही धोक्यात. सर्जन सरांनी सहा आठवडे दिले होते. तेवढ्यात गोविंदरावांचं वजन सहा किलो उतरलं आणि चरबी घटली तर ऑपरेशन. नाहीतर अक्काला तेवढा वेळ नव्हता.

वजन उतरवायला मी मुख्यतः कर्बोदकं धरली, म्हणजे भात, इडली, पोळी, साखर यांतून मिळतं ते. शरीराला गरजेपेक्षा जास्त मिळालं की लिव्हर त्याची चरबी करून ठेवतं. गोविंदराव दोन्ही जेवणांत तीन-तीनदा भात घेणारे. सांबाराशी एकदा, रसमशी एकदा, शेवटी ताकाशी. दिवसाला तीनशे ग्रॅम कर्बोदकं सहज होत असतील. मी शंभर ठरवले. दीडशेने सहा आठवड्यांत काम झालं नसतं. पन्नासने चरबी भराभर गेली असती, पण हा माणूस दिवसभर मशीनपाशी उभा, पुढे पोट फाडायचं, स्नायू झिजवून कसं चालेल? शंभरवर साखर अचानक उतरायची भीती नव्हती, कारण त्यांना मधुमेह नाही, गोळ्या नाहीत. म्हणून शंभर. हा आकडा त्यांचा. वाचून कुणी स्वतःला लावून घेऊ नका, माझ्या डोक्याला ताप होईल.

सरांनी या दोन आठवड्यांचा कागद बघितला आणि म्हणाले, “फिफ्टी कर. फिनिश.”

मी म्हटलं, “सर, शंभरने का उतरलं नाही ते कळल्याशिवाय पन्नास कसे करू?”

“तो खोटं लिहितोय.”

“हा माणूस खोटं लिहीत नाही.”

“मग तुझा आकडा खोटा.”

हे मला झोंबलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच झोंबलं. पण त्याहून जास्त कुतूहल वाटायला लागलं. वही खरी आणि काटाही खरा असेल, तर पाणी मुरतंय कुठे? मी दोन दिवस मागून घेतले. सर घड्याळाकडे बघत हो म्हणाले.

गोविंदरावांना खोदून खोदून विचारलं. कॉफीत साखर? नाही. कारखान्यात कुणाचा वाढदिवस? नाही. देवळातला प्रसाद? घेतला होता, एक चमचा पोंगल, तोही वहीत होता, तारखेसकट. ते तंजावरकडचे मराठी. त्यांच्या पिढ्यान्पिढ्या तिकडेच गेल्या. त्यांची मराठी जुनी, तमिळ हेल काढून बोललेली. सुरुवातीला माझा कान अडखळायचा, आता गोड वाटते. शेवटी बिचारे रडवेले झाले. “मी लबाडी केलों नाहीं, मॅडम,” म्हणाले. मलाच कसंतरी झालं. म्हटलं, रविवारी सकाळी तुमचं स्वयंपाकघर बघायला येते.

मेट्रोने आलंदूरला उतरले. दोन खोल्यांचं घर, ओट्यावर तो काटा, शेजारी वही. मी तेलाची बाटली बघितली, डबे उघडले, त्यांच्या नाश्त्याचं वजन केलं. एक इडली, मोठी वाटी भाजी, दही. बरोब्बर लिहिल्याप्रमाणे. मला वाटलं, आली खेप वाया.

मग साडेदहाला अक्काच्या खाण्याची वेळ झाली. लिव्हरच्या पेशंटला उपाशी ठेवायचं नसतं, नाहीतर शरीर स्वतःचेच स्नायू खायला लागतं. दर अडीच-तीन तासांनी थोडं थोडं द्यायचं, रात्री झोपतानासुद्धा. हा तक्ता माझा नव्हता, पद्माचा होता. पद्मा माझी सहकारी, घेणाऱ्या पेशंटांचा आहार ती बघते, देणाऱ्यांचा मी. आमच्याकडे दोघांच्या फायली मुद्दाम वेगळ्या ठेवतात, देणाऱ्यावर दडपण येऊ नये म्हणून. नियम चांगला आहे, पण त्यामुळे अक्काच्या या वेळा मला ठाऊकच नव्हत्या.

गोविंदरावांनी मऊ भात, डाळ, वर तूप अशी वाटी कालवली आणि अक्कासमोर बसले. अक्का म्हणजे हाडांचा सापळा, डोळे हळदीसारखे पिवळे, पोट तेवढं फुगलेलं. तिने तोंड उघडलं नाही. गोविंदरावांनी एक घास स्वतः खाल्ला. मग तिने एक खाल्ला. मग पुन्हा त्यांनी, पुन्हा तिने. वाटी संपेपर्यंत असंच.

मी बघतच राहिले. मग विचारलं, हे वहीत कुठे आहे?

गोविंदराव खरोखरच गोंधळले. “तें मी खाल्लों नाहीं,” म्हणाले. “तें अक्काचें जेवण.”

हाय रे देवा! मी कपाळावर हात मारला. विचारल्यावर कळलं, कामाच्या दिवशीसुद्धा अशा चार वाट्या होत होत्या. दोन सकाळी, एक संध्याकाळी, एक झोपताना. तशीच दुसरी वाटी कालवून त्यांच्याच काट्यावर मोजली. अर्ध्या वाटीत साधारण वीस ग्रॅम कर्बोदकं, वर तूप वेगळं. म्हणजे शंभर नव्हे, एकशेऐंशी. त्यांच्या लेखी मात्र शंभरच, कारण ते फक्त बहिणीला जेवू घालत होते.

मी अक्काला विचारलं, असं कधीपासून? तिने सांगितलं, तुमचा कागद घरी आला तेव्हापासून. आधी ती एकटी जेवत होती. भावाच्या ताटातला भात गेला आणि तिचं अन्नावरचं मन उडालं.

“माझ्यासाठीं तो उपाशी,” अक्का म्हणाली. “माझे घशाखालीं कसें उतरेल?”

सरांचं ऐकून मी पन्नास केले असते, तर अक्काला त्यांचं ताट आणखी रिकामं दिसलं असतं. तिने आणखी हट्ट धरला असता, त्यांनी आणखी घास खाल्ले असते. आणि मी पंचवीसवर गेले असते! शहाणी बाई, वजन उतरत नाही म्हणून आकडा कापत बसली असती.

गोविंदरावांना खाऊ नका म्हणणं सोपं होतं. पण मग अक्का जेवली नसती, आणि ऑपरेशनला दोघांचीही तब्येत लागते. तिथेच बसून मी हिशेब नव्याने मांडला. शंभर शंभरच राहिले, फक्त जागा बदलल्या. कारखान्यातल्या डब्यातला भात बंद, तिथे पनीर, भाजी आणि ताक. अक्काला तो डबा दिसत नाही. वाचलेला भात या चार वेळांना वाटून दिला. गोविंदरावांची स्वतःची वाटी, अक्काच्या वाटीएवढीच, शिगोशीग. खाली पडवळ, बीन्स, कोबी, वर दही, आणि सगळ्यांवर दोन-तीन चमचे भात. अक्काची वाटी अक्काची. त्यातला घास कुणी घ्यायचा नाही.

अक्कापासून मी काही लपवलं नाही. डब्यातला भात काढलाय, तेही सांगितलं. तिने वाटीत बोट घालून खालची भाजी बघितली आणि विचारलं, याने त्याचं पोट भरेल? मी म्हटलं, भरेल. पण तुम्ही तोंड मिटलंत तर ते पुन्हा तुमच्या वाटीतला घास खातील, हे मी बघितलंय. मग तिने स्वतःची वाटी ओढून घेतली.

सोमवारी पद्माला गाठलं. कोणाचीही फाईल न उघडता, कॅन्टीनच्या टेबलावर, आम्ही दोन तक्ते एका घड्याळात बसवले. सरांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे तो खोटंच लिहीत होता. मी वाद घातला नाही. पन्नासचं मात्र त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात सव्वा किलो उतरलं. सहा आठवड्यांना काटा शहात्तर पूर्णांक आठवर आला. आठशे ग्रॅम कमीच पडले, आणि त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला. पण एमआरआयमध्ये लिव्हरची चरबी सरांना हवी होती तेवढी घटलेली होती. त्यांनी मला ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

ऑपरेशननंतर भाऊ तिसऱ्या मजल्यावर, बहीण पाचव्या. अक्काला तोंडाने अन्न द्यायचं ठरलं त्या दिवशी पद्माचा फोन आला. बाई चमचा तोंडाजवळ नेऊ देत नाहीत, भाऊ जेवला का विचारतायत. मी तिसऱ्या मजल्यावर गेले. गोविंदरावांसमोर ताकभाताची वाटी तशीच होती. पाचव्या मजल्यावर काय चाललंय, हे आधी सांगा म्हणाले.

मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या उशाशी ठेवला, पद्माने तिचा वरती ठेवला. दोघं एकमेकांशी फारसं बोललेच नाहीत. चमच्यांचा आवाज येत होता, तेवढा पुरे होता. वाट्या रिकाम्या व्हायला पाऊण तास लागला. मी तेवढा वेळ उभी होते, आणि हो, रडले.

माझ्या फॉर्मवर आता एक ओळ जादा आहे: घरी कुणाबरोबर जेवता? सरांना ती फालतू वाटते. ती भरल्याशिवाय मी कुणाला आकडा देत नाही.