पलीकडच्यांची नजर

अल्बेनियातल्या एका गावात, अर्धवट बांधलेल्या घराच्या सळीला कापसाचं अस्वल फाशी दिल्यासारखं टांगलेलं होतं. मी थबकले. घरमालकिणीच्या मुलीने इंग्रजीत सांगितलं, "दृष्ट लागू नये म्हणून." कुणाची? आईने हनुवटीनेच समोरचा डोंगर दाखवला. "पलीकडच्या ग्रीकांची. फार बघतात मेले."

दुसऱ्या दिवशी मी त्याच डोंगरापलीकडे, ग्रीसमध्ये मुक्कामाला होते. खाणावळीच्या दारावर काचेचा निळा डोळा होता. "तुमचा द्राक्षांचा मांडव काय सुरेख आहे!" मी म्हटलं. मालकाने झटकन तीनदा थू थू केलं आणि ओशाळून म्हणाला, "तुमच्यामुळे नाही हो. नजर वाईट, ती त्या अल्बेनियनांची." बोट पुन्हा त्याच डोंगराकडे.

मला हसूच आलं. पण दोघांनीही माझी भीती बाळगली नव्हती. परक्याची दृष्ट लागत नाही. काल आपल्याकडे काय नव्हतं, हे त्याला कुठे ठाऊक असतं? त्या डोंगरातून पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या गेल्या, नवऱ्या गेल्या, सैन्यं गेली. इतका संशय घ्यायला तेवढी ओळख लागते.

परवा समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी आल्या. "किती फुललीय हो तुमची जास्वंद!" त्या गेल्यावर मी निमूटपणे कुंडीवरून मीठ-मोहरी उतरवली. मग दार लावताना समोर लक्ष गेलं. त्यांच्या चौकटीला नवी काळी बाहुली होती, थेट माझ्या दाराकडे तोंड करून.