उजवा गुडघा

या घरातली पोरं चालण्याआधी लाथ मारायला शिकतात, असं गल्लीत म्हणत. त्यात फारसं खोटंही नव्हतं. आजोबा गोलकीपर, वडील मिडफिल्डला, आणि थोरला सोळा वर्षं पगारी डिफेंडर. संघात त्याला 'कुलूप' म्हणत. पण खरा गुण धाकट्यात होता. चेंडू त्याच्या पायाशी आला की वडील खोट काढायचं विसरत, आणि त्या माणसाच्या बाबतीत ही भलतीच मोठी गोष्ट होती.

दोघे वेगवेगळ्या क्लबांत, पण राहायला एकाच घरात. धाकट्याचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा आई रोज सकाळी स्वयंपाकघरात त्याचा पाय मांडीवर घेऊन पट्टी बांधायची. क्लबला कळलं तर बाकावर बसवतील, म्हणून ही गोष्ट आई-वडील आणि दोघे भाऊ, एवढ्या चौघांतच होती. "घरातलं मैदानात न्यायचं नाही," आई दोघांनाही बजावायची.

मग दोन्ही क्लब समोरासमोर आले. कपडे बदलायच्या खोलीत थोरल्याच्या कोचने विचारलं, "तुझा भाऊ हल्ली वळताना अडखळतो का रे?" थोरल्याची जागा त्या मोसमात डळमळीत होती. तो म्हणाला, "उजवा गुडघा." बाविसाव्या मिनिटाला थोरल्याच्याच संघातल्या एकाने नेमका तोच गुडघा गाठला. धाकटा पुन्हा कधी खेळला नाही.

हॉस्पिटलात धाकटा सारखा विचारत होता, "त्यांना कळलं कसं?" थोरल्याच्या तोंडाला खरोखरच कुलूप लागलं. शेवटी आई रडत म्हणाली, "माझ्याच तोंडून गेलं असेल रे. शेजारणीपाशी बोलले होते मी." थोरल्याने ते ऐकलं आणि मान खाली घातली. मेल्याने तेवढंच केलं.

पुढे तो कॅप्टन झाला, पेपरात फोटो आले. धाकटा टायरच्या दुकानात चाकं बसवायला लागला. आईशी त्याचं बोलणं "येतो" आणि "जेवलोय" एवढ्यावर आलं. ती रोज संध्याकाळी शेकायला गरम पाण्याची पिशवी त्याच्या दाराशी ठेवायची. तो ती आत घ्यायचा आणि दार लावायचा. थोरला हे सगळं बघायचा, त्याचा जीव तुटायचा, आणि तरी तो गप्प राहायचा.

अकरा वर्षांनी आई गेली. आठवड्याने दोघे भाऊ तिचं कपाट आवरत होते. साड्यांखाली ती पट्टी निघाली, धुतलेली, घट्ट गुंडाळून पिन लावलेली. थोरल्याने सगळं सांगून टाकलं. "आईचा काही दोष नव्हता. मी सांगितलं होतं कोचला. मार मला हवं तर."

धाकट्याने हात उचलला नाही. तो पट्टीची पिन उघडत राहिला, लावत राहिला.

"गुडघ्याचं सोड," तो म्हणाला. "अकरा वर्षं मी आईशी धड बोललो नाही, दादा. ते आता कुणाशी बोलू?"