नानांचं माप

आमचे नाना सर पाठ्यपुस्तक घेऊन वर्गात गेलेत, असं मी पहिली काही वर्षं पाहिलंच नाही. हातात कापडी पिशवी असायची. तिच्यातून मातीचं ढेकूळ निघेल की केळीचं सोपट, ते पोरांनाही ठाऊक नसे आणि मुख्याध्यापकांना तर नसेच. ती वस्तू टेबलावर ठेवायची आणि सहावी ते आठवीला महिनाभर सगळे विषय तिच्यातूनच शिकवायचे, ही त्यांची रीत.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची शाळा. मी तिथे मराठी शिकवते. शनिवारी शाळा लवकर सुटली की नाना व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं पुढच्या महिन्याची आखणी करायचे. मधोमध विषय, भोवती गणित, विज्ञान, भूगोल, भाषा. "झाली का रांगोळी, नाना?" असं मी चिडवायची. ते मान वर न करता म्हणायचे, "बाई, जेवताना तुम्ही आधी मीठ, मग तिखट, मग डाळ अशी वेगवेगळी खाता का? मग पोरांनी का खावी?"

त्या वर्षी नानांनी कापूस घेतला. भूगोलात काळी जमीन, विज्ञानात बोंडअळी, माझ्याकडे कापूस वेचताना म्हणायची गाणी. आणि गणितात फवारणीच्या औषधाचं प्रमाण. गावात औषध टोपणानं, अंदाजपंचे ओतायचे. नानांनी पोरांना बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला लावलं, लाल त्रिकोण म्हणजे जहाल विष हे सांगितलं, एका पंपाला किती मिली ते मापनळीत रंगीत पाणी घेऊन दाखवलं. वाऱ्याकडे पाठ करा, फवारताना नाकाला फडकं बांधा, हेही शिकवलं. सगळ्यांत हुशार निघाली सातवीतली कविता. तिची नळी कधी थेंबभर चुकली नाही.

पंधरवड्यात गाव तिला बोलावू लागलं. "कविताले बलाव, ती बरोबर मापस." नाना खूश झाले. मला म्हणाले, "पाहा बाई, शाळा शेतात गेली." मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू.

मग कविता शाळेत दिसेना. नाना तिच्या घरी गेले, मी बरोबर होते. तिचे वडील धनाभाऊ साधा, सरळ माणूस. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं, चहा दिला. नाना म्हणाले, "भाऊ, पोरीला औषधापाशी नेऊ नका." धनाभाऊ हसले. "फवारणी थोडी करस ती? नुसती मापस. उद्या धाडतो शाळेत." ते नानांना पटलं. मलाही पटलं. पण फवारणाऱ्याच्या अंगावर पडतं ते पाण्यात मिसळलेलं औषध. मापणाऱ्याच्या बोटांवर सांडतं ते निव्वळ. फरशीवरच्या त्या सगळ्या आखणीत एवढी एक गोष्ट राहून गेली होती.

भाद्रपदातलं उकाड्याचं ऊन होतं. कवितानं सकाळपासून चार शेतांचं औषध मापलं, उघड्या हातांनी. दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या, तोंडाला फेस आला. चोपड्याला नेलं, तिथून जळगावला. जळगाव आलंच नाही, वाटेतच गेली.

तिसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. धनाभाऊंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नानांचे हात धरले आणि म्हणाले, "मन्ही पोरनं काहीच चुकनं नही, नाना. तुम्ही शिकाडं तसंच बरोबर मापे ती."

त्यानंतर नाना पुस्तक घेऊन वर्गात जाऊ लागले. पान उघडायचं, वाचायचं, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची. पोरं पेंगायची आणि मार्क मात्र वाढले. तपासणीला आलेल्या साहेबांनी शाबासकी दिली, तेव्हा मला त्या साहेबांचा असा राग आला की सांगता सोय नाही. "नाना, विष तुम्ही नाही विकलं," असं मी किती वेळा सांगितलं. ते म्हणायचे, "बाई, मी पोरांना मापायला शिकवलं. हात लावू नका, हे शिकवायचं राहिलं."

आणि फवारणीच्या दिवसांत ते शाळेआधी शेतोशेत हिंडू लागले. कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून स्वतः औषध मापून द्यायचे, वर बजावायचे, "पोरं शाळेत पाठवा." गावाला ते अंगवळणी पडलं. निवृत्त होईपर्यंत एकही हंगाम त्यांनी चुकवला नाही.

निरोपाच्या दिवशी सगळा गाव जमला. नाना धुळ्याला मुलाकडे जाणार होते. हार घातले, नारळ दिला. नाना बोलायला उभे राहिले तेवढ्यात मागून कुणीतरी हसत विचारलं, "नाना, आते माप कोन करी?"

पोरांच्या रांगेतून सहावीतली संगीता उठली. कविताची धाकटी बहीण. ताठ उभी राहून म्हणाली, "मी मापसू. माले ताईनी शिकाडेल शे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. धनाभाऊंनीही.

"खाली बस," नाना ओरडले. उभ्या आयुष्यात त्यांचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. टाळ्या थांबल्या, पोरगी रडत खाली बसली. निरोपाचं भाषण म्हणून नाना एवढंच बोलले.