कडी त्याने लावली होती

मार्च १९६०. आमची बटालियन वार्षिक स्कीमसाठी मारेगावच्या पलीकडच्या जंगलात उतरली होती. स्कीम म्हणजे लुटुपुटूची लढाई. गोळ्या खोट्या, शत्रू आपलाच, जखमीसुद्धा खोटे. अंपायर पांढरी पट्टी बांधून फिरतो आणि कुणाच्याही दंडाला हात लावून सांगतो, तू मेला. मेलेला माणूस झाडाखाली बसून बिडी ओढतो.

मी तेव्हा हवालदार होतो. दोन नंबर प्लाटून माझ्या हाताखाली. गाव बोरी अरब, म्हणजे जिल्हा माझाच. छप्पनच्या दसऱ्याला घरच्यांनी नागपूरला जाऊन धम्म घेतला, पुढच्या रजेत मी घेतला. हे सांगण्याचं कारण पुढे येईल, आणि ते माझ्या बाजूचं नाही.

कंपनी कमांडर मेजरसाहेबांचं नाव लिहीत नाही. ते आता हयात नाहीत, उत्तर देऊ शकत नाहीत. त्यांची एक पहाडी मैना होती. काळी, चोच नारिंगी, कानामागे पिवळी कातडी. पलटण जाईल तिथे पिंजरा जायचा. रायफली ट्रकमध्ये आदळत यायच्या, पिंजरा जीपमध्ये पुढच्या सीटवर. मैना माणसासारखी बोलायची. माणसासारखी म्हणजे मेजरसाहेबांसारखी. तोच घोगरा आवाज, तोच शेवटचा झटका.

तिची देखभाल शिपाई हरिया राठोडकडे. तो साहेबांचा अर्दली. महागावकडच्या एका बंजारा तांड्यातला, वय तेवीस. पिंजऱ्याला लोखंडी कडी होती, ती ढिली झाली होती. म्हणून हरिया कडी लावून वर तारेचे दोन वेढे घालायचा. रोज. जेवायला गेला तरी.

एकदा मी त्याला म्हटलं, "काहून कोंडून ठेवता रे पाखराले? पाप आहे हे."

"कोंडलं साहेबानं," तो म्हणाला. "मी खाऊ घालतो."

"मग दे सोडून."

"पिल्लू होती तवा आणली साहेबानं. माय पाह्यली नाही तिनं. उंबर कोनचं अन् इखारी फळ कोनचं, कोन सांगन तिले? उडता येते तिले, हवालदारसाब. जगता नाही येत."

मी त्याला हसलो. अर्दली शेवटी मालकासारखाच बोलतो, असं चार जणांत म्हणालोसुद्धा.

स्कीमचा चौथा दिवस. सकाळी सातला माझी प्लाटून विश्राममध्ये उभी. मेजरसाहेब यायचे होते. तंबूच्या बाजूने आवाज आला, "सावधान!" प्लाटून खाडकन सावधान झाली. मी वळलो आणि तंबूकडे तोंड करून कडक सॅल्यूट ठोकला. समोर खुंटीला पिंजरा. त्यात मैना. शेजारची प्लाटून हसली, आणि माझ्या मागचेही हसले. तेवढ्यात साहेब बाहेर आले. गळ्यात टॉवेल, गालावर साबण. त्यांच्या पक्ष्याला सॅल्यूट मारताना त्यांनी मला पाहिलं.

त्यांना वाटलं मी नक्कल करतो आहे. मला पिठ्ठू लागला. पाठीवर पूर्ण बोजा, रायफल डोक्यावर, नाल्यापर्यंत पळत जाणं-येणं, दहा फेऱ्या. हवालदाराला जवानांसमोर पिठ्ठू लावत नाहीत. त्यांनी लावला. आठव्या फेरीला मी गुडघ्यावर पडलो. पिंजऱ्यातून पुन्हा "सावधान!" आलं.

दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी हरिया जेवायला गेला. साहेब नकाशा घेऊन टेकडीवर होते. मी तंबूपाशी गेलो. तारेचे दोन्ही वेढे सोडले, कडी काढली, दार उघडलं.

मैना बाहेर आली नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती दांडीवर मागे सरकत गेली. मी पिंजरा हलवला. मग हाताने थापा मारल्या. तिने दांडी पायांनी गच्च धरली होती. शेवटी मी पिंजरा खुंटीवरून काढून उलटा केला, तेव्हा ती बाहेर पडली आणि नाल्यापलीकडे गेली. पिंजरा परत लावला. मनात म्हटलं, एक जीव मोकळा केला, शील पाळलं. खोटं होतं ते. मला साहेबाला दुखवायचं होतं आणि त्याच्या हृदयापर्यंत माझा हात फक्त तिथूनच पोचत होता.

अडीचला बोंब झाली. साहेबांनी हरियाला समोर उभं केलं. मी तीन पावलांवर होतो.

"कडी किसने खुली छोडी?"

"लगाई थी, साब. तार भी बांधा था."

"तो किसने खोली? चिडिया ने?"

साहेबांनी त्याच्या कानफटात मारली. मी समोर बघत उभा राहिलो. तेव्हा बोलायचं होतं. चार शब्द पुरले असते.

मैना सापडली सव्वातीनला, नाल्यापलीकडच्या एका उंच सालईवर. मार्चात सालईला पान नसतं, त्यामुळे काळा ठिपका खालून स्पष्ट दिसत होता. भोवती सात-आठ कावळे. एक टोचून उडायचा की दुसरा यायचा. ती उडून जात नव्हती, प्रतिकारही करत नव्हती. साहेबांच्या आवाजात एकेक हुकूम देत होती. सावधान. विश्राम. दाहिने देख. खाली तीस माणसं उभी होती, त्यांतलं कुणी हसलं नाही.

आमच्या जंगलातल्या कुठल्याही गुराख्याला विचारा, सालईवर कोणी चढत नाही. लाकूड ठिसूळ, फांदी खुटकन मोडते. हरियाला हे ठाऊक होतं. तो म्हणालाही, "साब, सालई है. डाल कच्ची रहती है."

साहेब माझ्याकडे वळले. "हवालदार, तुम इधर के हो. इस पे आदमी चढ सकता है?"

नाही म्हटलं असतं तर साहेब पुन्हा कडीवर आले असते. कडीचा विषय मला नको होता.

"चढ सकता है, साब," मी म्हणालो.

साहेबांनी हरियाला बोटाने झाड दाखवलं. हरियाने माझ्याकडे एकदा पाहिलं. बूट काढले आणि चढला. तांड्यातली पोरं मधासाठी कुठेही चढतात, तो चढायला चांगला होता. फांद्या बुंध्याजवळ धरत, वजन वाटून टाकत गेला. वर पोचल्यावर त्याने शीळ घातली. मैना त्याच्या हातावर आली. त्याने तिला शर्टात घातलं आणि वरचं बटण लावलं. उतरताना पंचवीसेक फुटांवर पायाखालची फांदी गेली. दुसरी फांदी हाताशी होती. त्याने ती धरली नाही. दोन्ही हात छातीवर, शर्टावर होते. तसाच खाली दगडांवर पडला.

वेळ तीन पन्नास.

मैनेला खरचटलंसुद्धा नव्हतं. साहेबांनी शर्टाचं बटण काढून तिला बाहेर घेतलं. नंतर हरियाकडे पाहिलं.

त्याच्या कमरेखाली हालचाल नव्हती. पोट फुगत चाललं होतं. स्कीमच्या नियमाने सगळ्या गाड्या सहा मैल मागे, बटालियन हेडक्वार्टरला होत्या. डॉक्टर तिथे, अॅम्ब्युलन्स तिथे. वायरलेसवर मी बसलो. साहेब मागे उभे.

"ट्रेनिंग कॅज्युअल्टी बोलो. चिडिया का नाम नहीं आना चाहिये."

"हॅलो वन, थ्री बोल रहा हूँ. एक कॅज्युअल्टी. ट्रेनिंग. अॅम्ब्युलन्स भेजो. ओव्हर."

"थ्री, रॉजर. एक कॅज्युअल्टी नोट किया. आउट."

नोट किया. म्हणजे खेळातला जखमी म्हणून पाटीवर एक रेघ ओढली. स्कीममध्ये खऱ्या जखमीच्या निरोपाआधी ‘नो प्ले’ म्हणायचं असतं, तसा हुकूम होता. मला ठाऊक होता. पण तो शब्द उच्चारला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, कसा झाला. मी हेडफोन कानाला धरून साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बस."

आम्ही वाट पाहिली. पाच वाजून गेले. कुणी आलं नाही. पाच दहाला मी साहेबांना न विचारता सेट उघडला आणि म्हणालो, "नो प्ले. नो प्ले. आदमी मर रहा है." पलीकडून आलं, "थ्री, पहले क्यों नहीं बोला? ओव्हर."

हरिया शुद्धीवर होता. पाणी मागत होता, द्यायचं नव्हतं. मी फडकं ओलं करून ओठांना लावत होतो.

"मैना कशी हाय?"

"चांगली आहे."

थोड्या वेळाने म्हणाला, "याडीले सांगू नका झाडावरून पडलो म्हून. तांडा हासन." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

"नाही सांगत."

"कडी म्या लावली होती, हवालदारसाब. तुमी पाह्यलं नं?"

"हो," मी म्हणालो. "पाह्यलं."

पाच पंचावन्नला तो गेला. डॉक्टर सहा वीसला पोचले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मी साक्षीदार नंबर दोन. कागदावर आलं ते असं: अर्दलीने निष्काळजीपणाने पिंजऱ्याची कडी उघडी ठेवली, आणि चूक लपवण्यासाठी, कुणाच्या हुकमाशिवाय, तो झाडावर चढला. वाचून दाखवलं. दुरुस्ती करायची आहे का, विचारलं. मी नाही म्हणालो आणि सही केली. मैनेचा पिंजरा त्या दिवशीही खुंटीला होता. आता कडीला कुलूप लावलं होतं.

जिल्ह्यातला म्हणून देह घेऊन मलाच पाठवलं. तांड्यात मी काय बोललो, नीट आठवत नाही. इन्क्वायरीचा कागद मात्र नाईकाच्या हातात दिला. नाईक म्हणजे तिथे तांड्याचा प्रमुख, आमच्या पलटणीतला दोन फितींचा नव्हे. त्याने तो शाळेच्या मास्तरकडून चारचौघांत वाचून घेतला. हरियाची आई सोनाबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती. मी संध्याकाळच्या मोटारीने निघालो.

मी सहासष्टला पेन्शनवर आलो. तोवर लढाया झाल्या, माणसं गेली, मी जगलो. पुढच्या वर्षी महागावच्या बाजारात सरकी घ्यायला गेलो होतो. शेजारच्या बैलगाडीवाल्याची फळी सुटून पोतं रस्त्यावर सांडलं. तो बंजारा होता, आपल्या जोडीदारावर ओरडला, "हरियानं लावली होती काय रे कडी?" आसपासचे हसले.

मी त्याला विचारलं, हे काय. तो म्हणाला, आमच्याकडे म्हणतात तसं. कोणी दार उघडं टाकलं, दावं ढिलं बांधलं, की म्हणतात. होता एक येडा पलटणीत, चिडीपायी मेला.

मी सरकी न घेताच परतलो. तरी तांड्यावर जायला मला आणखी दोन वर्षं लागली. हेही लिहून ठेवतो.

गेल्या महिन्यात गेलो. सोनाबाईला उभ्या उभ्या सांगितलं. ती शेंगा फोडत होती. हात थांबले नाहीत. सगळं झाल्यावर म्हणाली, "मले काहून सांगतं? मले तं ठाऊकच होतं. माहा पोरगा बकरीचं दावंबी दोन डाव बांधे. तांड्याले सांग."

तांड्याचं न्यायमंडळ बसतं, त्याला ते नसाब म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नाईकाच्या अंगणात ते बसलं. शंभरेक माणसं. मी मधे उभा राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. कडी, पिंजरा उलटा केला ते, चढ सकता है, वायरलेस, सही. पिंजरा पाप होतं म्हणून दार उघडलं, असं मी तिथे म्हणालो नाही. पिंजरा पाप होतंच, अजूनही मला तसंच वाटतं. पण त्या दुपारी त्या पाखराची काळजी करणारा तळावर एकच माणूस होता, आणि तो कडी लावणारा होता.

हरियाचा धाकटा भाऊ फुलसिंग उठून माझ्या अंगावर आला. दोघांनी त्याला धरलं. तो म्हणाला, "धरू नका. सोडा मले." मला वाटलं, सोडावं.

एक म्हातारा म्हणाला, "बुद्धाचा माणूस ना तू? तुमच्यात खोटं चालते?"

"नाही चालत," मी म्हणालो.

"मग?"

नाईक म्हणाला, "तू इथं बोलला, ते वाऱ्यावर गेलं. खोटं कागदावर हाय. मास्तरानं वाचलं, गावोगाव गेलं. कागदावर लिवलं ते कागदावरच खोड. तुह्या नावानिशी. तोवर या तांड्याचं पानी तुले नाही."

मला पाणी मिळालं नाही. एप्रिलचं ऊन होतं, मोटार सहा मैलांवर. मी चालत गेलो.

हा तो कागद आहे. शिपाई हरिया रूपसिंग राठोड याने त्या दिवशी पिंजऱ्याची कडी लावली होती आणि वर तारेचे दोन वेढे घातले होते. ते मी सोडले. तो झाडावर हुकमाने चढला, आणि तो हुकूम माझ्या शब्दावर दिला गेला. पडताना त्याला फांदी धरता आली असती. त्याने पाखरू धरलं. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत हाती सोपवलेली चीज कुणी एवढ्या निष्ठेने सांभाळलेली मी पाहिली नाही, आणि त्यात लढाईत गेलेलेही धरतो.

छापून आल्यावर हे सोनाबाईला मास्तरने वाचून दाखवावं. मी येऊन वाचतो, असं म्हटलं होतं. तिने निरोप पाठवला, त्याचा आवाज नको.