भुईगावच्या वाडीतली दुसरी गाडी

माझी बायको सुधा गेल्यानंतरचा हा माझा पहिलाच प्रवास. वसईच्या वाड्या (विहिरीच्या पाण्यावरच्या बागा) तिला आपल्या गाडीनं जाऊन बघायच्या होत्या आणि मी दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलत आलो होतो. शेवटी नाशिकहून एकटाच निघालो.

घोडबंदरची खाडी ओलांडली, नायगावकडच्या नव्या इमारती दिसू लागल्या आणि गोखिवऱ्यात आमच्या म्हाताऱ्या गाडीनं मान टाकली. ही गाडी विकणाऱ्या कंपनीनं केव्हाच गाशा गुंडाळला होता, त्यामुळे सुटे भाग मिळायची आशा नव्हती. सुधाबरोबर हिंडलो ते सगळं याच गाडीतून. ती भंगारात जाणं मला सोसणार नव्हतं.

रस्त्यापलीकडच्या गॅरेजातला विल्सन तासभर बॉनेटमध्ये डोकं घालून होता. प्लग, पंप, वायरिंग, सगळं त्यानं तपासलं.

"काका, कंप्युटर गेला वाटतं. पण गॅरंटी नाय देणार. सेम गाडीचा लावून बघितल्याशिवाय कळणार नाय."

इंजिनाला पेट्रोल किती आणि ठिणगी केव्हा, हे ठरवणारा तो डबा. नवा मिळणं अशक्यच. पण तशीच एक गाडी भुईगावातल्या एका वाडीत होती आणि तिची देखभाल विल्सनच करायचा. त्यानं फोन करून विचारलं, माझी गाडी जीपला दोरानं बांधली आणि निघाला. सुधाला दिमाखात बघायची होती ती वसई मी अशी फरफटत बघितली. स्टेशनची गर्दी संपली, पारनाका गेला, मग केळी, पानवेली, विहिरी. ओल्या मातीचा वास खिडकीतून आत आला आणि मला रडू कोसळलं. पुढे जीपमध्ये विल्सन होता, त्याला दिसलं नाही हे बरं झालं.

वाडीच्या मालकीणबाई साठीच्या असतील. त्यांचे यजमान वर्षापूर्वी वारले होते. पडवीत त्यांनी चहा दिला, सोबत सुकेळी (उन्हात वाळवलेली राजेळी केळी). माझी चौकशी केली. मी सुधाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी बशीत आणखी एक सुकेळं ठेवलं.

अंगणात विल्सननं त्यांच्या गाडीतला डबा काढून माझ्या गाडीत बसवला. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं. मला आनंद झाला आणि लगेच शरमही वाटली, कारण चालणारा डबा एकच होता आणि तो त्यांचा होता. मी विल्सनला तो काढून परत लावायला सांगितलं.

बाई पायरीवरून उठल्या. "राहू दे रे, विल्सन."

मी नको नको म्हणत होतो. त्यांनी मला थांबवलं.

"हॉस्पिटलात जाताना हे म्हणाले, बॅटरी उतरेल, रोज एकदा सुरू करत जा. चालवायला कुठे शिकवलंय मला? रोज पूजा झाली की जाऊन बसते, सुरू करते, थोड्या वेळानं बंद करते. कुठे जात नाही ती. तुमची घरी तरी जाईल."

मग विल्सनला म्हणाल्या, "ह्यांचा तो बिघडलेला इकडे लावून ठेव. जागा रिकामी नको."

मोबदल्याचं बोलणं त्यांनी काढूच दिलं नाही. आता कुठे जाणार, एवढंच विचारलं. समुद्र चार पावलांवर होता, पण माझं मन उडालं होतं. मी घरी म्हणालो.

परतीच्या वाटेवर गाडी कसारा घाट कुरकुर न करता चढली. वाटभर मी मनातल्या मनात त्या बाईंचे आभार मानत होतो आणि सुधालाही सगळं सांगत होतो.

नाशिकला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गाडी दारात लावली, पण इंजिन बंद करायला हात होईना. उद्या सकाळी त्यांची पूजा आटोपेल, आणि मग त्या काय करतील, हे वाटेत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.